एका पानावरची दोन विमाने

दिव्याच्या दांड्यावर कानशीने ओढलेल्या तीन बारीक खुणा होत्या आणि खालच्या बैठकीवर दोनच. गोदाने चष्मा कपाळावर सरकवला, गुडघे टेकले आणि पुन्हा मोजल्या. तीन. दोन. मग तिने दांड्याला करंगळीचे टोक लावून हलकेच ढकलले. वरचा पितळी हंस डुलला आणि परत आला. पण निघाला होता तिथवर नाही, तांदळाच्या दाण्याएवढा अलीकडेच थांबला.

“दिसलें ना तुज?” कुंभकोणमच्या ह्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जुन्या मराठीत वसंताकाकूने विचारले. ती पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “गाडींतून उतरून तास झाला नाहीं, पोरीस दिसलें. ह्या घरांत एक मोठे शास्त्रज्ञ राहतात, त्यांस दोन महिन्यांत दिसलें नाहीं.”

“काका कोठें गेले?”

“पानें आणायास. विड्याच्या पानांस दीड तास. तूं येणार म्हणून कळल्यापासून त्यांस बाहेरचीं कामें फार आठवतात.”

दिवा जवळच्याच नाचियार्कोविल गावचा, काकूच्या लग्नातला. बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि हंस असे चार भाग एकात एक पिळून बसवायचे. तिथले ओतारी वैद्यनाथ पत्तर, त्यांच्या कारखान्याची रीत अशी की एका दिव्याच्या प्रत्येक भागावर सारख्याच खुणा घालायच्या, म्हणजे झळाळी द्यायला दहा घरांचे दिवे एकदम आले तरी ज्याचा भाग त्याला जाऊन मिळतो. दोन महिन्यांपूर्वी काकूचा दिवा झळाळीला गेला आणि हा असा परत आला.

गोदाने बैठक किंचित उचलली. खाली घडी घालून सारलेले बसचे तिकीट होते.

“हें कुणीं घातलें?”

“कुणीं घालावें? मी म्हटलें, दिवा वाकडा आहे. म्हणाले, उभा आहे ना.”

गोदाने ते तिकीट काढून हातात घेतले. कामावर असताना काकांनी, सुंदररावांनी, विमानाच्या मॉडेलच्या सांध्याखाली कागदाचा कपटा सापडला म्हणून एका पोराला दारापर्यंत नेऊन सोडले होते, आणि तो दरवाजा जन्मभर विसरणार नाही अशा शब्दांत. तिने तिकीट मुठीत चुरगळले. काकू पळी घेऊन आत गेली.

रात्रभर गाडीत तिचा डोळा लागला नव्हता. बेंगळुरूतल्या ज्या संस्थेत लढाऊ विमानांची रचना होते, तिथे हवेच्या प्रवाहाचा विभाग सात वर्षांपासून गोदाकडे होता. त्याच खुर्चीत तिच्या आधी सुंदरराव बसत. निवृत्तीनंतर ते कुंभकोणमला परतले, आणि नव्या विमानाच्या आराखड्याची बाहेरून तपासणी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आले. सोमवारी दहा वाजता मोठी बैठक होती. त्या बैठकीसाठीचा अहवाल आज, शनिवारी, छापायला जायचा होता. त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. एक जागा मोकळी होती, गोदाची. प्रकल्पप्रमुख गुरुमूर्ति म्हणाले होते, “एक वाजता फोन करतो. तुम्ही हो म्हटलं की तुमचं नाव घालून छपाईला देतो, सही सोमवारी सकाळी करा.”

अडत होते ते एकेचाळिसावे पान. त्यावर दोन आलेख शेजारी शेजारी होते. डावीकडचा सांगत होता, विमान रडारवर किती फिके दिसते. उजवीकडचा सांगत होता, नाक किती उंच करून वळवले तरी ते वैमानिकाच्या ताब्यात राहते. दोन्ही आलेख देखणे होते.

सुंदरराव चपला काढतानाच बोलू लागले.

“गाडी वेळेवर आली?”

“आली.”

“खिडकीची जागा होती?”

“काका, तुम्हीं बुधवारीं सही केलीत.”

त्यांनी पानांची जुडी कोनाड्यात ठेवली, हात धुतले, पंच्याला पुसले. एकाहत्तरीतही पाठ ताठ होती. मग ते जमिनीवर तिच्यासमोर बसले. काकूने कॉफीचे, घरच्या बोलीत कापीचे, दोन टंबळर पसरट डबऱ्यांत उभे करून दोघांमध्ये ठेवले आणि पाण्याचा पेला ठेवला.

“कागद आणला नाहींस ना?”

“कागद बाहेर न्यायचा नाहीं हें मज तुम्हींच शिकविलें.”

त्यांनी तर्जनी पेल्यात बुडवली आणि लाल जमिनीवर एक रेघ ओढली, मग तिला जोडून दुसरी. विभागाची ही जुनी सवय होती. कचेरीबाहेर आकार समजावून सांगायची वेळ आली तर पाण्याने काढायचा. मिनिटभरात वाळतो, मागे काही राहत नाही. पंख म्हणजे काय हे गोदा वयाच्या अकराव्या वर्षी अशाच ओल्या रेघांवरून शिकली होती. रेघ वाळायच्या आत पाठ करायची, हा तिचा तेव्हाचा खेळ.

“शेपूट एवढें ठेवलें,” ते म्हणाले, “तर बाजूनें रडारला आरसा दाखविल्यासारखें होतें. पांचवा हिस्सा कापलें, कडा पंखाच्या कडेशीं समांतर केल्या, कीं तो आरसा गेला. आतां मज सांग, ज्यास कुणी बघतच नाहीं त्यास वळण्याची वेळ कां यावी? आधीं बघेल, आधीं मारेल, परत येईल.”

“हीं वाक्यें तुमचीं नव्हेत. ह्याच वाक्यावर वीस वर्षांपूर्वीं तुम्हीं खुर्ची मागें सारून बैठकींतून उठून गेलां होतां.”

“माणूस शिकतो.”

“शिकावें. शेपूट कापण्याशीं माझें भांडण नाहींच.” तिचा आवाज चढला नव्हता; फक्त शब्दांतले अंतर वाढले होते. “शस्त्रें आंत लपवायचीं म्हणून पोट रुंद केलें. मी कांहीं म्हटलें? इंजिनाचें तोंड दिसूं नये म्हणून हवेची वाट वाकडी केली, इंजिनाचा दम कमी झाला. वरून लेपाचे थर, वजन वाढलें. लपायचें तर वळणें थोडें सोडावें लागतें, हें पहिल्या वर्षाच्या पोरासही ठाऊक आहे. पण सोडलें तें सोडलें म्हणून लिहा कीं. एका पानावर दोन्ही हातांत लाडू कसे?”

“दोन्ही आलेख मोजलेले आहेत. खोटा एकही नाहीं.”

“डावीकडचा कापलेल्या शेपटाचा. उजवीकडचा जुन्या, मोठ्या शेपटाचा. आलेख खरे आहेत, काका. विमानें दोन आहेत. पानावर जें आहे तें कोठेंच नाहीं.”

“गणितानें दुरुस्ती करतां येते.”

“नाक वीस अंश उचलेपर्यंत. तेथून पुढें हवा पंखास सोडते आणि गणितही हात टेकतें. तुमचेंच वाक्य. मोठ्या शेपटाचें मॉडेल वाऱ्याच्या टनेलमध्यें बत्तीस अंशांपर्यंत सरळ राहिलें. कापलेलें कुणीं टनेलमध्यें घातलेंच नाहीं. नऊ महिने रांग होती.”

“पुढच्या टप्प्यांत घालतील.”

“तोंवर विष्णुवर्धन काय करील?”

सुंदररावांनी ओली तर्जनी पंच्याला पुसली. विष्णुवर्धन हा चाचणी वैमानिक, पस्तिशीतला. तो गेले पाच आठवडे सिम्युलेटरमध्ये बसून त्याच उजव्या आलेखावर हात बसवत होता. मागच्या मंगळवारी जिन्यात भेटला, हेल्मेट काखेत धरून. “बत्तीस पक्के ना, मॅडम?” हसत विचारले होते त्याने, जसे कोणी पाऊस येणार ना असे विचारते. गोदा म्हणाली होती, “अहवाल येऊ दे.” तो सलाम करून दोन दोन पायऱ्या गाळत खाली गेला. तेव्हापासून त्या तीन शब्दांची चव तिच्या तोंडातून गेली नव्हती.

जमिनीवरचे शेपूट वाळून गेले होते.

“सोमवारीं हें पान अडलें तर सारेंच अडेल,” सुंदरराव म्हणाले. “चौदा वर्षें, गोदे. मी त्याचीं पहिलीं सात बघितलीं. मधल्या काळांत दोनदां बंद पडलें. आतां तिसऱ्यानें पडलें तर उठणार नाहीं.”

“म्हणून माणूस पडला तरी चालेल?”

डबऱ्यात टंबळर आपटला तो कोणाचा हे दोघांनाही कळले नाही. कापी जमिनीवर सांडली. काकू फडके घेऊन आली, वाकून पुसले, आणि फडके पिळावे तशा आवाजात म्हणाली, “तुमचें विमान सोमवारीं. माझा दिवा आज. दोघें मिळून नाचियार्कोविलास जा. ह्यांस एकट्यास धाडलें तर पत्तरांस सांगतील, उभा आहे ना.”

“ह्या उन्हांत?” सुंदरराव म्हणाले.

“पानांस जातां तेव्हां सांवली असते काय?”

साडेअकराच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. बैठक गोदाच्या मांडीवर, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. दांडा सुंदररावांनी गुडघ्यांत उभा धरला होता, आणि पिशवीच्या तोंडातून हंसाची चोच बाहेर आली होती. समोरच्या बाईने चोचीकडे पाहून हात जोडले. पुलावरून बस गेली तेव्हा अरसलार नदीच्या वाळूत पाण्याची एकच बारीक धार दिसली, आणि पुढे दोन्ही बाजूंना भाताची रोपे पोपटी उभी.

बसमध्ये त्यांची मराठी कोणाला कळणार नव्हती. लहानपणी गोदाला ही गोष्ट फार आवडायची. बाजारात, देवळात, डॉक्टरांकडे, सगळ्यांच्या देखत बोलायचे आणि कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

“एक विचारूं?” सुंदरराव समोर पाहत म्हणाले. “तो उजवीकडचा आलेख कुणीं काढला?”

“मी.”

“त्याच्या कोपऱ्यांत लिहिलेंस, कोठल्या शेपटाचा?”

बसने थांबा घेतला. दोन माणसे उतरली. एक बाई केळीच्या पानांचा भारा घेऊन चढली. बस निघाली.

लिहिले नव्हते. विभागात कोणीच लिहीत नसे. सुरुवातीची कितीतरी वर्षे मॉडेल एकच होते. कशाचा आलेख हे विचारणाऱ्यालाच लोक हसले असते. आणि वर सुंदररावांचा दंडक होता: चित्रावर अक्षरांची गर्दी नको, रेघेला बोलू द्या. गोदाने तो दंडक अभिमानाने पाळला, आपल्या हाताखालच्या मुलांकडून पाळून घेतला. मग दुसरे मॉडेल आले, शेपूट कापलेले. दंडक तसाच राहिला.

“नाहीं,” ती म्हणाली.

“मग गुरुमूर्तीच्या माणसांनीं तो उचलला आणि डाव्याच्या शेजारीं चिकटविला. लबाडी केली त्यांनीं?”

“नाहीं.”

“त्यास ठाऊक आहे काय, दोन विमानें आहेत म्हणून?”

ती खिडकीबाहेर बघू लागली.

“तूं त्यास सांगितलेंस?”

“मी तुम्हांस सांगितलें. फेब्रुवारींत. पहिला मसुदा आला त्याच रात्रीं.”

“मज सांगितलेंस. घरच्या माणसास, फोनवर, घरच्या भाषेंत.” त्यांनी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिले. “मी बैठकींत उठून सांगावें, आणि तुझें नांव कोठें येऊं नये. हेंच ना?”

मांडीवरची बैठक तिने दोन्ही हातांनी आवळून धरली होती. पितळेची कड बोटांत रुतत होती. चार महिने ती चिडत होती. गुरुमूर्तींच्या हसऱ्या आवाजावर, रडारवाल्यांच्या टाळ्यांवर, टनेलच्या रांगेवर, आणि सगळ्यांत जास्त ह्या ताठ पाठीच्या माणसावर, ज्याला सगळे कळत असून जो गप्प बसला. चिडण्यात एक सोय होती. तोंड नेहमी दुसरीकडे राही.

“मग तुम्हीं कां नाहीं सांगितलेंत?”

“उभा राहून सांगितलें असतें तर पहिला प्रश्न आला असता, आलेख कुणाचा. माझ्या पुतणीचा. सात वर्षें ती खुर्चीवर आहे, आणि सात वर्षें लोक म्हणतात, सुंदररावांची पुतणी म्हणून बसली.” ते थांबले. “मी तुज झांकलें.”

“कुणीं सांगितलें होतें झांकायला?” आता आवाज चढला. केळीच्या पानांवाल्या बाईने मागे वळून पाहिले. भाषा कळली नाही तरी राग कळतो. “मी काय त्या विमानाचें शस्त्र आहें, पोटांत लपवायला? उपकार म्हणून सांगतां हें?”

“नव्हे. तुझ्यासाठीं केली सही, आणि चौदा वर्षांसाठींही केली. कोणासाठीं किती, तें मजही सांगतां येणार नाहीं. दोन्हींस एकच सही पुरली, म्हणून बरें वाटलें.”

उतरताना त्यांनी हात पुढे केला, तिने तो धरला नाही. बैठक कडेवर घेऊन ती पुढे चालू लागली आणि कारखान्याच्या फाटकाशी थांबली, कारण दांडा त्यांच्याकडे होता.

वैद्यनाथ पत्तरांचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला झळाळीची चाके. मध्ये मातीचे साचे सुकत ठेवलेले. चार माणसे चाकांवर होती, आणि तापलेल्या पितळेचा आंबूस वास पत्र्याखाली दाटला होता. पत्तर साठीचे, उघडे, कपाळावर विभूती. त्यांनी सुंदररावांना नमस्कार केला, पिशवीतून दांडा घेतला, गोदाच्या हातून बैठक घेतली, आणि न बघताच दोन्हींवरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. मग अंगठा जिथल्या तिथे थांबला.

“ऐया,” ते तमिळमध्ये म्हणाले, “हा दिवा दोन घरांचा आहे.”

“उभा राहतो हो तसा,” सुंदरराव म्हणाले. “खाली कागद सारला की काही कळत नाही.”

“तेल घातलं नाही तोवर.” पत्तरांचा आवाज शांत होता, पण मानेची शीर वर आली होती. “तेल भरा काठोकाठ, पाचही वाती लावा, आणि सणाच्या दिवशी एखाद्या पोरीच्या परकराचा घेर लागू द्या. मग कळेल. इतक्या दिवसांत का नाही आणलात? दोन महिने माझ्या नावाचा वाकडा दिवा तुमच्या देवापुढे?”

सुंदरराव रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले.

“जोडला कुणी हा?” गोदाने विचारले. प्रश्न तिने विचारला असे तिलाच नंतर जाणवले. “त्या दिवशी, जाताना.”

पत्तरांची नजर एकदा चाकांकडे गेली. चारांपैकी कोणाचेही नाव घेता आले असते. चारही जण आता त्यांच्याकडे बघत होते आणि एका चाकाचा आवाज थांबला होता. नजर परत आली.

“मीच, अम्मा. जोडणी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. खुणा माझ्या, आणि त्या हाताला लागूनही मी पुढे गेलो. त्या दिवशी घाई होती.” त्यांनी मान हलवली. “घाई रोजच असते. मीच.”

मग ते पितळी मोडीच्या ढिगाजवळ गेले, तिथून आपला फोन घेतला आणि भिंतीवर खडूने लिहिलेल्या नावांवरून बोट खाली आणत नेले. त्या दिवशी दोनच मोठे दिवे बाहेर पडले होते. दुसरा पट्टीश्वरमला. तिथे फोन लागला तेव्हा पलीकडून कोणीतरी मोठ्याने कुशल विचारले असावे, कारण पत्तर थोडे थांबले.

“कुशल आहे. तुमचा दिवा वाकडा आहे, ते सांगायला फोन केला. नाही, तुम्हाला दिसला नसेल. पण आहे. तुमच्या दांड्याखाली दुसऱ्याची बैठक गेली आहे. माझ्या हातून झालं. संध्याकाळपर्यंत माणूस पाठवतो, तोवर तेल घालू नका.”

त्यांनी फोन कमरेला खोचला, धोतराला हात पुसले आणि काकूच्या दिव्याचा दांडा, जणू तो आजारी आहे अशा काळजीने, आडवा करून कापडावर ठेवला. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असेल. पट्टीश्वरमच्या घरी कोणीही तक्रार केली नव्हती. कदाचित कधीच केली नसती.

सुंदरराव साच्यांच्या रांगेपाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. पाठ ताठच होती. पण पाठीमागे एक अंगठा दुसऱ्या तळव्यावर पुन्हा पुन्हा घासत होता, जसे तिथे काहीतरी लागले आहे आणि निघत नाही. गोदाने ते पाहिले. तिला त्यांची दया आली नाही. तिला वाटले होते येईल.

मुठीत अजून बसचे ते तिकीट होते. सकाळपासून ती ते घेऊन फिरत होती. तिने ते उलगडले, सरळ केले, आणि पत्तरांच्या कापडावर दोन खुणांच्या बैठकीशेजारी ठेवले.

“हे खाली घातलं होतं,” ती म्हणाली.

पत्तरांनी तिकिटाकडे पाहिले आणि सुंदररावांकडे पाहायचे टाळले.

गोदाचा फोन वाजला तेव्हा एक वाजायला बारा मिनिटे होती. गुरुमूर्ति कधीही उशीर करत नसत.

सुंदररावांनी पडद्यावरचे नाव वाचले. “बाहेर जाऊन बोल,” ते घरच्या मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले. “झाडाखालीं. येथें इतके कान आहेत.”

गोदा एक पाऊल दाराकडे गेली. बाहेर चिंचेखाली सावली होती, कोणी नव्हते. तिथे बोलली असती तर शब्द कमी लागले असते. विचार करते सर, प्रकृती बरी नाही सर, सोमवारी बघू सर. असे तिला पुष्कळ येत होते. चार महिन्यांत तिने दुसरे काही केले नव्हते. ती वळली आणि जिथे होती तिथेच, कापडावर आडव्या ठेवलेल्या दांड्यासमोर उभी राहिली.

“हॅलो मॅडम!” गुरुमूर्ति तमिळमध्येच बोलत होते; पलीकडे छपाईयंत्राची घरघर ऐकू येत होती. “घरचं जेवण चाललंय ना? मी वेळ घेत नाही. फक्त तुमचं हो हवंय. देऊ ना छपाईला?”

“देऊ नका, सर.”

“काय म्हणालात? आवाज येतोय मागे कसला तरी.”

पत्तरांनी हात वर केला. चाके एकेक करून थांबली. शेडमध्ये एवढी शांतता झाली की भट्टीतला कोळसा तडकलेला ऐकू आला.

“देऊ नका म्हणाले. मी सही करणार नाही.” तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “एकेचाळिसाव्या पानावरची दोन चित्रं एका वस्तूची नाहीत, सर. उजवीकडचं जुन्याचं आहे. ते मी काढलं, आणि त्यावर कशाचं ते मी लिहिलं नाही. फेब्रुवारीत मला दिसलं. तेव्हापासून मी गप्प आहे. तुमच्या माणसांची चूक नाही. हे मी सोमवारी दहा वाजता सगळ्यांसमोर सांगणार आहे, आज रात्री लेखी पाठवणार आहे.”

पलीकडे घरघर थांबली. कोणीतरी यंत्र बंद केले असावे. मग गुरुमूर्ति म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता हसरा नव्हता, “समितीच्या अध्यक्षांनी बुधवारी सही केली आहे. त्यांना हे माहीत आहे?”

गोदाने सुंदररावांकडे पाहिले. त्यांचा अंगठा थांबला होता.

“ते इथेच उभे आहेत. त्यांचं ते सांगतील,” ती म्हणाली. “तुम्ही आधी विष्णुवर्धनना फोन करा, सर. आत्ता. सांगा, बत्तीस नाही. किती आहे, ते आम्हाला माहीत नाही.”